नाव ठेवणे आणि नाव लावणे : 'वेस्ली' या नावाच्या निमित्ताने

१

मराठीत माणसाचे नाव 'ठेवतात' आणि आडनाव 'लावतात'. ही दोन क्रियापदे सहसा परस्परांच्या जागी येत नाहीत. मुलाचे नाव काय ठेवले, असे आपण विचारतो. तो आडनाव कोणते लावतो, असे विचारतो. 'ठेवणे' या क्रियेत ठेवणाऱ्याची निवड गृहीत असते. बारशाच्या दिवशी मुलाच्या कानात जे सांगितले जाते ते त्या क्षणापूर्वी त्याचे नव्हते. 'लावणे' या क्रियेत मात्र आधीपासून अस्तित्वात असलेल्या कशाला तरी स्वतःस जोडून घेणे अभिप्रेत आहे. म्हणून बापाचे नाव लावतात, लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावतात आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वारसाचे नाव 'लागते'. ज्याचे नाव लागते त्याला काही मिळते, निदान मिळण्याचा हक्क सांगता येतो. ठेवलेल्या नावाबरोबर असा कोणताही हक्क येत नाही.

या दोन क्रियांमधील सीमा ओलांडून आलेली काही नावे मराठी भाषकांत आहेत. गोव्यात आणि वसईत रूढ असलेले 'झेवियर' हे त्यांपैकी एक. नवार प्रांतातील एका किल्ल्याचे ते नाव; बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर' असा होतो. फ्रान्सिस झेवियर (१५०६-१५५२) यांच्यामुळे ते घराण्याची ओळख न राहता व्यक्तिनाम झाले. विदर्भातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आढळणारे 'वेस्ली' हे नाव याच प्रकारचे आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३-१७९१) याचे ते आडनाव. त्याचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरते, कारण अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट चर्चच्या मिशनकार्याचे यवतमाळ हे भारतातील प्रमुख केंद्र होते. पुढे पुण्यास गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळलाच होती.

एका परक्या माणसाचे आडनाव यवतमाळच्या एखाद्या मुलाचे नाव होते तेव्हा नेमके काय घडते? 'लावण्याचे' नाव 'ठेवण्याचे' होते, एवढे तर उघड आहे. पण त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. नावाला इतिहास असतो. त्या इतिहासाचे उत्तरदायित्व नाव धारण करणाऱ्यावर येते काय? आणि त्याला त्याच्या नावाचे मूळ विचारण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम नावाचा इतिहास. 'वेस्ली' हे मूळचे स्थलनाम. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वपद 'पश्चिम' या अर्थाचा आणि उत्तरपद रानातील मोकळी जागा, पुढे कुरण वा माळ, या अर्थाचे. म्हणजे 'पश्चिमेकडचा माळ'. त्या ठिकाणचा माणूस तो वेस्ली. आपल्याकडील 'कर' प्रत्ययान्त आडनावांची घडण याहून निराळी नाही. जॉनच्या पित्याने, सॅम्युएलने, 'वेस्टली' या रूपातील 'ट' गाळला आणि आज आपण ओळखतो ते रूप रूढ केले.

याच आडनावाची दुसरी एक शाखा आयर्लंडमध्ये होती. तेथील निपुत्रिक जमीनदार गॅरेट वेस्ली याने जॉनचा धाकटा भाऊ चार्ल्स (१७०७-१७८८) यास वारस करण्याची इच्छा दर्शविली होती व चार्ल्सने ती नाकारली, असे वेस्ली बंधूंचे चरित्रकार सांगतात. १७२८ मध्ये ती मालमत्ता रिचर्ड कोली नावाच्या नातेवाइकाकडे गेली. त्याने 'वेस्ली' हे नाव लावावे, अशी अट होती. त्याने ते लावले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हे दत्तविधानच होय : नाव घ्यावे आणि मिळकत घ्यावी. या रिचर्डचे दोन नातू हिंदुस्थानच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. थोरला रिचर्ड १७९८ ते १८०५ या काळात गव्हर्नर जनरल होता. धाकटा आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आर्थर १७९७ मध्ये कोलकात्यास उतरला तेव्हा तो आर्थर वेस्ली होता. १७९८ पासून त्याने 'वेलस्ली' हे घराण्यातील अधिक जुने मानले जाणारे रूप वापरण्यास प्रारंभ केला.

हाच आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये वऱ्हाडात आला. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईची, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहान्वये नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. त्याच वर्षी तिसरे रघुजी भोसले औरस पुत्रावाचून वारले; दत्तक मान्य न झाल्याने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. ज्या राज्यकर्त्या वर्गातील एका घराण्याला नाव आणि मिळकत एका दत्तकवजा व्यवस्थेने मिळाली होती, त्याच वर्गाने येथे दत्तकाचा हक्क नाकारला. इतिहासातील ही विसंगती नावाच्या अंगाने पाहिली असता अधिक ठळक होते.

अशा रीतीने एकच आडनाव वऱ्हाडात दोनदा आले. प्रथम ते सेनापतीचे आडनाव म्हणून आले आणि राज्यांच्या सीमा बदलून गेले. नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी आले तेव्हा, ते एका धर्मोपदेशकाची आठवण म्हणून आले आणि येथील मुलांचे नाव होऊन राहिले. पहिल्या रूपात ते आज येथे कोणी धारण करीत असल्यास तो इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील मृत मनुष्य होय. दुसऱ्या रूपात ते शाळेच्या हजेरीपटावर आहे.

३

आता या इतिहासाचे काय करावयाचे? तो नावाचा 'अर्थ' आहे काय?

संस्कृत शास्त्रकारांनी शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांत भेद केला आहे. 'गो' हा शब्द गमनार्थक धातूपासून साधला, तरी बसलेल्या गाईलाही आपण गाय म्हणतो. शब्द कशापासून झाला हे एक, आणि तो कशाच्या बळावर लागू होतो हे दुसरे. यास्काच्या 'निरुक्ता'त या वादाचे प्राचीन रूप सापडते. सर्व नामे धातूंपासून निघाली, असे शाकटायनाचे मत. त्यावर गार्ग्याचा आक्षेप असा की, तसे असते तर ती ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकास ते ते नाव मिळावयास हवे होते; जो जो मार्ग व्यापतो त्या प्रत्येकास 'अश्व' म्हणावे लागले असते. यास्काने शाकटायनाची बाजू घेतली. पण गार्ग्याच्या आक्षेपातील मर्म शिल्लक राहतेच. पतंजलीने व्यक्तिनामांसाठी 'यदृच्छा शब्द' असा स्वतंत्र वर्ग मानला आणि 'डित्थ' यासारखी व्युत्पत्तीचा आधार नसलेली उदाहरणे दिली. नाव ठेवणाऱ्याची इच्छा हाच तेथे आधार.

पाश्चात्त्य परंपरेत जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये जवळपास हीच भूमिका घेतली. त्याच्या मते विशेषनाम निर्देश करते, गुण सांगत नाही. डार्ट नदीच्या मुखाशी असल्यामुळे एका गावास डार्टमथ म्हणतात. उद्या नदीचे पात्र सरकले तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही, असा त्याचा युक्तिवाद.

मिलचे उदाहरण परके वाटत असेल तर खुद्द 'यवतमाळ' या नावाकडे पाहावे. या गावी जाणारा मराठी मनुष्य नावातील उत्तरपद 'माळ' असेच ऐकतो आणि पठारावर वसलेले गाव पाहून त्याची खात्री पटते. जिल्ह्याच्या गॅझेटियरनुसार मात्र ते 'महाल' या महसुली शब्दाचे झिजलेले रूप आहे. 'ऐन-इ-अकबरी'त हा परगणा 'योत-लोहारा' या नावाने नोंदलेला आहे. म्हणजे व्युत्पत्ती राजस्वविभागाची आणि बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ मोकळ्या जमिनीचा. ऐकणाऱ्याला कोणता अर्थ खोटा म्हणता येईल? भाषाशास्त्रज्ञ पहिला खरा म्हणेल आणि त्याचे म्हणणे योग्य असेल; पण गावाशी असलेले लोकांचे नाते दुसऱ्या अर्थाच्या आधाराने जडले असेल तर ते नाते काही खोटे ठरत नाही. गंमत अशी की, 'वेस्ली' या नावाच्या शेवटी खरोखरीच माळ आहे आणि तो कोणालाच ऐकू येत नाही. यवतमाळच्या शेवटी नसलेला माळ मात्र सर्वांना ऐकू येतो.

येथपर्यंतचा निष्कर्ष सोयीचा आहे : व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, म्हणून वेस्ली नावाच्या मुलाचा इंग्लंडातील कुरणाशी वा गाविलगडाच्या तोफांशी काहीही संबंध नाही. पण हा निष्कर्ष अपुरा आहे. 'वेस्ली' हा 'डित्थ' नव्हे. ते नाव कोणाचे तरी होते म्हणूनच ठेवले गेले.

सॉल क्रिप्कीने १९७० मधील व्याख्यानांत (ती १९८० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली) विशेषनामाचा निर्देश एका साखळीने टिकतो, असे प्रतिपादिले. आरंभी नामकरण होते. त्यास तो 'बाप्तिस्मा' असेच म्हणतो. मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे जाते. घेणाऱ्याने देणाऱ्याच्याच अर्थी ते वापरण्याचा हेतू ठेवला पाहिजे, एवढी अट. कोणी आपल्या पाळीव प्राण्याला 'नेपोलियन' म्हणू लागला तर ही अट मोडते, असेही तो नोंदवितो. तेथे नवा बाप्तिस्मा होतो, नवी साखळी सुरू होते.

क्रिप्कीला निर्देशाचा प्रश्न सोडवावयाचा होता, म्हणून त्याने हे उदाहरण अपवादादाखल बाजूस सारले. आपल्या प्रश्नासाठी मात्र तो अपवादच महत्त्वाचा आहे. कोणाच्या तरी नावावरून नाव ठेवले जाते तेव्हा निर्देशाची साखळी तुटते; स्मरणाची साखळी तुटत नाही. यवतमाळचा वेस्ली हा जॉन वेस्लीचा निर्देश करीत नाही, पण त्याचे नाव जॉन वेस्लीचे स्मरण करते, किंवा निदान कोणी एकाने एके दिवशी ते स्मरण केले होते याची खूण सांभाळते. आडनावाचे नाव झाले की निर्देश आणि स्मरण यांची फारकत होते. त्या नावाचा सारा नैतिक आशय या फारकतीत आहे.

४

दत्तविधानात नाव आणि मिळकत बरोबर येतात. आडनावाचे नाव ठेवण्यात याच्या नेमके उलट घडते : नाव येते, मिळकत येत नाही. वेस्ली नावाच्या मुलाला वेस्ली घराण्याकडून काहीही मिळावयाचे नसते आणि त्या घराण्यालाही त्याच्याकडून काही मागता येत नाही. वंशाचा दावा न करता वंशाचे नाव घेणे, अशी ही क्रिया आहे. या अर्थाने ते देणे असते, वारसा नसतो. देणाऱ्याने नावाच्या रूपाने एक अपेक्षा दिलेली असते. पण अपेक्षा पाळण्यास घेणारा बांधील नसतो.

याचे दोन दाखले अमेरिकेच्या इतिहासात आहेत. जॉन वेस्ली पॉवेल (१८३४-१९०२) आणि जॉन वेस्ली हार्डिन (१८५३-१८९५) हे दोघेही मेथडिस्ट धर्मोपदेशकांचे मुलगे. पहिल्याने गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात १८६२ मध्ये शायलो येथे आपला उजवा हात गमावला. पुढे त्याने कोलोरॅडो नदीच्या दऱ्यांचे संशोधन केले आणि अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषांचे वर्गीकरण सिद्ध केले. दुसरा टेक्ससमधील कुख्यात मारेकरी झाला. नाव एक, ते ठेवण्यामागील श्रद्धा एक, आणि आयुष्ये अशी. नाव भविष्य घडवीत नाही, हे सांगण्यास इतके पुरे आहे.

तथापि येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पॉवेलच्या बापाने आपल्या परंपरेतील नाव आपल्या मुलास दिले. यवतमाळमध्ये ते नाव मिशनबरोबर आले, आणि मिशन साम्राज्याच्या छत्राखाली आले. देणारा बलवान आणि घेणारा दुर्बल असेल तर देणे हे देणे राहते काय? लेव्ही-स्त्रोसने १९६२ मध्ये दाखवून दिले की, नाव ठेवणे हे कधीच केवळ नाव ठेवणे नसते. त्यात ज्याचे नाव ठेवले त्याचे, अथवा ठेवणाऱ्याचे स्वतःचे, वर्गीकरण होत असते. मग 'वेस्ली' हे येथील माणसावर मारलेला शिक्का का म्हणू नये?

या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी शिक्क्यांचा आपला इतिहास पाहिला पाहिजे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ वचनाचे अंतर आहे. या नियमात तेही उरत नाही. ज्यांच्यासाठी नाव ठेवणे हे नावे ठेवण्याचेच दुसरे रूप होते, त्यांनी परके नाव घेतले तर 'परके' हा शब्द कोणाच्या बाजूने उच्चारला जात आहे, हे तपासावे लागते. जे नाव येथल्या कोणत्याही उतरंडीत बसत नाही, ऐकणाऱ्याला ज्याचा अर्थच लागत नाही, त्या नावाची ती निरर्थकताच घेणाऱ्याच्या दृष्टीने मोलाची असू शकते. शिवाय 'मेथडिस्ट' हा शब्द मुळात ऑक्सफर्डमधील टवाळांनी वेस्ली बंधूंच्या शिस्तबद्ध वर्तनाला दिलेले हिणकस नाव होते. टीकेखातर ठेवलेले नाव त्यांनी आपले म्हणून लावले. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात बी. टी. रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने वेगळे झालेल्या पंथाने त्याला 'फ्री' हे विशेषण जोडले. त्यात गुलामगिरीला विरोध होता, तसाच चर्चमधील बाके श्रीमंतांना भाड्याने देण्याच्या प्रथेलाही विरोध होता. कोणी कोठे बसावे हे ऐपतीवरून ठरू नये, हा त्याचा आशय. वेगळ्या बसण्याचा अनुभव असलेल्या समाजाला हा आशय समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

याचा अर्थ मिशन आणि साम्राज्य यांचा संबंध विसरावा असा नाही. तो आहेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपले नाव बदलले नाही, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हा आग्रह आयुष्यभर धरला. हा मार्ग आदरणीय होय. पण 'टिळक' हे नाव राखण्यात जे राखले जाते ते आणि अवहेलनेचे नाव राखण्यात जे राखले जाते ते एकच नव्हे. नाव टिकविण्याची प्रतिष्ठा नावाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून असते. एकाच्या निर्णयावरून दुसऱ्याच्या निर्णयाचे मोजमाप करता येत नाही.

राहिला देशीपणाचा मुद्दा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात जी नावे प्रेमाने ठेवली गेली त्यांत गौतम, राहुल, सिद्धार्थ यांच्याबरोबर 'मिलिंद' आहे. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महाविद्यालयालाही डॉ. आंबेडकरांनी तेच नाव दिले. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा, हा अर्थही आहे. आज या नावाला परदेशी कोणी म्हणत नाही. ज्या नावाला मराठीचे प्रत्यय लागतात, ज्याला हाक मारताना गल्लीतला स्वर लागतो, ते मराठी नाव. 'वेस्लीला', 'वेस्लीचा', 'वेस्लीने' ही रूपे सिद्ध करण्यासाठी व्याकरणाला काहीही नवे करावे लागत नाही. 'हत्ती'चे चालते तसेच त्याचेही चालते. मिलिंदला दोन हजार वर्षे मिळाली आणि वेस्लीला शंभर-सव्वाशे. फरक असेल तर एवढाच.

५

प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र होतो तो येथून पुढे. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे असते : नाव, बापाचे नाव, आडनाव. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत अनेकदा पहिले पद धर्म सांगते आणि तिसरे पद जात. ख्रिस्ती होताना घराण्याचे आडनाव पुष्कळांनी सोडले नाही. परिणामतः एकाच नावात दोन साक्षीदार उभे राहतात आणि त्यांची साक्ष जुळत नाही.

ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० अन्वये अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना या आदेशाने तो दिलेला नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही; त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील गोंड वा कोलाम माणसाच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न वेगळा होतो. पण जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या अर्जावर 'वेस्ली' हे पद वाचले गेले की, धर्मांतराचा संशय नावातूनच उत्पन्न होतो. नावाला पुराव्याचे मूल्य येते. तिकडे गावात, लग्नाच्या बोलण्यात, भाड्याच्या खोलीच्या चौकशीत आडनावाला पुराव्याचे मूल्य असते. म्हणजे जेथे जातीमुळे हक्क मिळावयाचा तेथे पहिले पद आडवे येते, आणि जेथे जात विसरली जावी तेथे तिसरे पद बोलते. ठेवलेले नाव एकीकडे माणसाविरुद्ध साक्ष देते, लावलेले दुसरीकडे.

अशा स्थितीत 'तुमच्या नावाचा अर्थ काय?' हा प्रश्न निरागस राहत नाही. त्याच्या मागोमाग 'मूळचे कोण?' हा प्रश्न येतो आणि बहुधा खरा प्रश्न तोच असतो. 'मूळ' हा शब्द व्युत्पत्तिशास्त्रात आणि जातिव्यवहारात समान आहे, ही मराठीतील योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. शब्दाचे मूळ शोधतात; माणसाचे मूळ 'काढतात'. पहिल्या क्रियेचे फलित ज्ञान असते, दुसरीचे फलित बहुतेक वेळा अपमान असतो.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचे औदार्य सर्वज्ञात आहे. तिची मर्यादा मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. ही सवलत ऋषीला आहे. ज्याने तपाने स्वतःला सिद्ध केले त्याचे कूळ विचारू नये; याचा व्यत्यास असा की, ज्याने तसे काही सिद्ध केलेले नाही त्याचे विचारावयास हरकत नाही. कूळ न विचारले जाणे हा येथे कमावण्याचा मान ठरतो, जन्माबरोबर येणारा हक्क ठरत नाही. नामांतरित माणसाची मागणी नेमकी याच्या विरुद्ध आहे. आपण ऋषी आहोत असे त्याचे म्हणणे नाही. ऋषी नसूनही आपले कूळ विचारले जाऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

६

मग विद्येने काय करावे? नावांच्या इतिहासाचा शोध सोडून द्यावा काय? तसे म्हणणे हा पलायनवाद ठरेल. वर मांडलेली असई-अडगावची हकीकत, दत्तकाची हकीकत, ऑक्सफर्डच्या टवाळीची हकीकत या सर्व जाणून घेण्यासारख्या आहेत. त्या जाणल्यावाचून एखाद्या कादंबरीत वा आत्मचरित्रात आलेल्या 'वेस्ली' या पात्रनामाचे वाचन पुरते होणार नाही; ते चिन्ह केवळ 'ख्रिस्ती पात्र' एवढ्या चिन्हितावर थांबेल. समीक्षेत असे थांबणे आपल्याकडे वारंवार घडते. हिंदू पात्राचे नाव आले की आपण त्याचे प्रतीकमूल्य शोधतो. ख्रिस्ती पात्राचे नाव आले की त्यातून केवळ धर्म वाचतो. ज्या नावात एवढा इतिहास भरला आहे त्याला शिरगणतीच्या रकान्याचे काम देणे ही वाचनातील उणीव आहे, आणि ती केवळ वाङ्मयीन उणीव नाही.

म्हणून भेद करावा लागतो तो ज्ञान आणि अज्ञान यांत नव्हे, तर प्रश्न कोणाला विचारला जातो यात. नावाला त्याचे मूळ विचारावे. माणसाला विचारू नये. नाव हे सार्वजनिक भाषेतील वस्तू आहे. त्याने राज्ये बदलताना पाहिली असतील तर त्याचा झाडा घेण्याचा अधिकार भाषेच्या प्रत्येक अभ्यासकाला आहे. माणूस मात्र त्या नावाचा धनी आहे, आरोपी नाही. नावाच्या इतिहासापैकी किती आपला म्हणावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. मार्टिन लूथरने आपले 'लुडर' हे आडनाव बदलून 'लूथर' केले आणि काही काळ 'मुक्त' या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याची सांगड घालून पत्रांवर 'एल्युथेरियस' अशी सही केली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती व्युत्पत्ती चूक. पण ते विधान चूक नव्हते. आपल्या नावाचा अर्थ आपण काय घेतो, हे तो सांगत होता. पुढे त्याच्याही आडनावाचे नाव झाले, आणि १९२९ मध्ये मायकेल या नावाने जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या मुलाने ते जगभर नेले.

आडनावाचे नाव होणे ही घटना या भेदाचा उत्तम नमुना ठरते, ती याच कारणाने. आडनावाचे काम माणूस कोठून आला हे सांगण्याचे. त्याचे नाव झाले की ते काम संपते. 'पश्चिमेकडच्या माळावरचा' हे सांगणे थांबते आणि 'हा' एवढेच सांगणे उरते. आपल्या समाजात आडनावे अजून पहिलेच काम करीत आहेत, आणि ती बदलून वा गाळून त्यांतून सुटण्याचे प्रयत्नही चालू आहेत. या प्रयत्नांना मर्यादा आहेत, कारण नवे आडनाव पाहून जुने विचारणारा भेटतोच. आडनाव आज ना उद्या नाहीसे होईल, ही आशा म्हणून फारशी उपयोगाची नाही. त्याहून अधिक शक्य गोष्ट अशी की, आडनाव उरावे, पण ऐकणाऱ्याच्या कानात त्याचे नाव व्हावे. त्याने कूळ न सांगता केवळ माणूस दाखवावा. एका इंग्रजी आडनावाच्या बाबतीत यवतमाळने हे करून दाखविले आहे. स्वतःच्या आडनावांबाबत ते अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते ऐकणाऱ्यानेच करावयाचे आहे.